पाठमोऱ्या माणसामागून

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. मी बैठकीच्या खोलीत 'द सन' हा बेल्जियन चित्रपट पाहत होतो आणि माझा दहा वर्षांचा पुतण्या शेजारी बसून हातातल्या खेळयंत्रावर मारिओला उड्या मारायला लावत होता. मध्येच त्याने मान वर करून पडद्याकडे पाहिले. तेथे एका सुताराची मान, कान आणि पाठ एवढेच दिसत होते. बराच वेळ दृश्य बदलेना, तेव्हा तो म्हणाला, "काका, हा माणूस वळत का नाही? त्याला वळवा ना!"

मी हसलो खरा. पण तो प्रश्न मनातून जाईना. त्याच्या हातातील चौकटीतही मारिओ पाठमोराच धावत होता. मग मुलाला एक पाठ परिचयाची आणि दुसरी असह्य का वाटावी? उत्तर सोपे होते. मारिओची पाठ त्याच्या अंगठ्याचे ऐकत होती. सुताराची पाठ कोणाचेच ऐकत नव्हती. आपल्या काळातील दोन 'हातात धरायच्या' कलांमधील अंतर त्या बालसुलभ प्रश्नात नेमके सापडते, असे मला वाटते.

चित्रपटाचा कॅमेरा प्रदीर्घ काळ तिपाईवर किंवा रुळांवरच्या गाडीवर विसावलेला असे. तो माणसाच्या खांद्यावर आला की काय घडते, हे १९६० मध्ये रॉबर्ट ड्रू यांच्या 'प्रायमरी' या अमेरिकन माहितीपटाने दाखवून दिले. विस्कॉन्सिन राज्यातील पक्षांतर्गत निवडणुकीत जॉन केनेडी प्रचार करीत होते. पुढे अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष झालेले हे गृहस्थ गर्दीतून वाट काढीत सभेच्या मंचाकडे निघाले आणि अल्बर्ट मेझल्स कॅमेरा डोक्यावर उंच धरून त्यांच्या मागोमाग चालत गेले. त्या दृश्यात धक्के आहेत, हेलकावे आहेत. पण गर्दीची ऊबही आहे. प्रेक्षक प्रथमच एका पुढाऱ्याच्या मागे, त्याच्या गतीने, पुढे काय होणार हे न कळता चालला.

या शैलीला १९९५ मध्ये जवळजवळ नियमावलीचे रूप मिळाले. लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस व्हिंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकांनी 'डॉगमे ९५' नावाचा जाहीरनामा काढला. त्यातील दहा नियमांना त्यांनी चक्क 'ब्रह्मचर्याचे व्रत' असे नाव दिले. आपल्या वाचकांना मठातील व्रतबंधाचीच आठवण व्हावी! कॅमेरा हातातच धरलेला असला पाहिजे, हा त्यांतील एक नियम. झगमगाटाला विटलेल्या कलावंतांची ती तळमळ प्रामाणिक होती. पण व्रताचा वेश झाला की त्यातील तप निघून जाते. पुढे मारामारीच्या चित्रपटांपासून जाहिरातींपर्यंत सर्वत्र कॅमेरा थरथरू लागला. जेथे काहीच अनिश्चित नाही, प्रत्येक ठोसा आधी बसवलेला आहे, तेथेही हात कापण्याचे सोंग करू लागला. याउलट चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या मराठी चित्रपटात कॅमेरा बहुतांशी एका जागी निश्चल उभा आहे. तरीही न्यायालयातील साधी माणसे इतक्या सचोटीने क्वचितच चित्रित झाली असतील. म्हणजे नुसत्या थरथरीवरून सत्याची पारख होत नाही. कॅमेरा धरणारा हात समोरच्या माणसावर सत्ता गाजवतो की त्याच्या मागे जायला तयार होतो, हे पाहावे लागते.

या कसोटीवर ज्याँ-पिएर आणि ल्युक दार्देन या बेल्जियन बंधूंचे चित्रपट मला श्रेष्ठ वाटतात. त्यांच्या 'रोझेटा'ला १९९९ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. 'द सन' २००२ चा. त्यातील सुताराच्या भूमिकेसाठी ऑलिव्हिए गुर्मे यांना कान येथेच सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान लाभला.

कथानक थोडक्यात असे. ऑलिव्हिए हा वाट चुकलेल्या मुलांना सुतारकाम शिकवणारा शिक्षक. एक दिवस फ्रान्सिस नावाचा सोळा वर्षांचा नवा मुलगा केंद्रात येतो. ऑलिव्हिए आधी त्याला नाकारतो, मग चोरून त्याच्यावर पाळत ठेवतो, शेवटी त्याला आपल्या हाताखाली घेतो. हे सारे तो का करतो, ते आपल्याला बराच वेळ कळत नाही. मग उलगडा होतो. पाच वर्षांपूर्वी गाडीतील रेडिओ चोरताना या मुलाच्या हातून एका बालकाचा जीव गेला होता आणि ते बालक ऑलिव्हिएचे होते. फ्रान्सिसला मात्र आपला गुरू कोण आहे, याची कल्पना नाही.

कॅमेरा या सुताराच्या मानेमागे, हातभर अंतरावर चालतो. तो जिना चढला की आपण चढतो, तो कोपऱ्यावर थबकला की आपल्यालाही थबकावे लागते. त्याचा चेहरा बहुधा अर्धाच दिसतो. पार्श्वसंगीत नाही; त्यामुळे आता रडावे की घाबरावे, याची सूचनाही नाही. हा मनुष्य मुलाला रंधा शिकवील की त्याचा गळा धरील? आपल्याला ठाऊक नाही आणि दार्देन बंधूंची श्रद्धा अशी दिसते की त्यालाही ठाऊक नाही. समोरून घेतलेल्या दृश्यात आपण माणसाच्या चेहऱ्यावरून झटकन निवाडा करतो. पाठीमागून चालणाऱ्याला तो अधिकार राहत नाही. त्याला फक्त सोबत करता येते. दुःखात असलेल्या घरी सांत्वनाला गेलेला शहाणा शेजारी जसा प्रश्न न विचारता बसून राहतो, तसा हा कॅमेरा आहे.

आता मुलाच्या हातातील खेळाकडे वळू. हातातील खेळयंत्रांचा इतिहास सांगताना गुनपेई योकोई या जपानी अभियंत्याचे नाव आदराने घेतले पाहिजे. निन्टेन्डो कंपनीसाठी त्यांनी १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आणि पुढे १९८९ मध्ये 'गेम बॉय' सिद्ध केला. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीच्या 'गेम गिअर'वर रंगीत पडदा होता, पण त्याच्या सहा बॅटऱ्या काही तासांतच संपत. योकोईंच्या यंत्राला हिरवट पडद्यावरच्या चार छटा पुरल्या. चार बॅटऱ्यांवर ते कितीतरी अधिक वेळ चाले. जुने, स्वस्त, पूर्णपणे हाती आलेले तंत्र नव्या रीतीने वापरावे, हे त्यांचे तत्त्व. 'गेम बॉय' आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जवळजवळ बारा कोटी यंत्रे खपली. ही काटकसरीची कल्पकता मला एखाद्या कसबी सुताराच्या जातीची वाटते.

पाठमोऱ्या नायकाचा विचार मात्र १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' या खेळापासून करावा लागतो. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायचा तो खेळ २००४ मध्ये 'निन्टेन्डो डीएस' या हातातील यंत्रावरही आला. मूळ खेळात एक गमतीदार तपशील आहे. मारिओच्या मागे चालणारा कॅमेरा कोणाच्या हातात आहे, हे रचनाकारांनी दाखवून दिले आहे. लाकितू नावाचा ढगावर बसलेला प्राणी काठीला कॅमेरा टांगून मारिओचे चित्रण करीत असतो, आणि किल्ल्यातील एका आरशात तो स्वतःही दिसतो. म्हणजे खेळातही मागून येणारा एक छायालेखक आहे. परंतु हा छायालेखक खेळणाऱ्याचा सेवक आहे. बटण दाबले की तो बाजू बदलतो आणि अंगठा हलला की नायक वळतो. मारिओ खड्ड्यात पडला तर आपण म्हणतो, "मी मेलो." त्याची पाठ आपलीच झालेली असते. ऑलिव्हिएची पाठ शेवटपर्यंत दुसऱ्याची राहते.

एवढ्यावरून खेळ त्याज्य ठरवणे अन्यायाचे होईल. हात, डोळा आणि निर्णय यांचा मेळ तो साधतो. चूक झाली तर दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही, हेही शिकवतो. शिवाय उत्तम खेळांना आपल्या मर्यादेची जाणीव असते. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'पोकेमॉन'च्या दोन आवृत्त्या जाणूनबुजून अपुऱ्या ठेवलेल्या होत्या. एकीत सापडणारे काही प्राणी दुसरीत नव्हते, म्हणून दोन मुलांना आपापली यंत्रे तारेने जोडून देवघेव करावी लागे. संग्रह पुरा करायचा तर मित्र हवा! अंगठ्याच्या राज्यातही शेजाऱ्याची गरज ज्याने ओळखली, त्या रचनाकाराला मी कलावंतच म्हणेन.

माझी चिंता निराळी आहे. आज चित्रपट आणि खेळ दोन्ही एकाच चौकटीत, मोबाइलच्या पडद्यावर, आले आहेत. ज्या अंगठ्याने मारिओ वळतो त्याच अंगठ्याने ऑलिव्हिएलाही पुढे ढकलता येते. तो जिना चढतो आहे? दहा सेकंद पुढे. तो गप्प आहे? आणखी दहा सेकंद. अशा रीतीने 'द सन' पाहिला तर कथा कळेल. पण चित्रपट मुळीच भेटणार नाही, कारण त्याचा अर्थ त्या वाट पाहण्यातच साठवलेला आहे. मुलांच्या हातात यंत्र किती तास असते, याचा हिशेब आपण पालक ठेवतो आणि तो ठेवावाही. त्याबरोबरच, आपल्या बोटाने न वळणाऱ्या माणसासमोर ती किती वेळ बसू शकतात, हेही पाहावयास हवे. घरातील आजारी आजी, अबोल झालेला बाप, रुसलेली बहीण यांना कोणतेच बटण नसते. त्यांच्या पाठीमागून, त्यांच्या गतीने चालावे लागते. आणि ही सवय आपण मोठेही झपाट्याने गमावीत आहोत.

म्हणून सुचवावेसे वाटते की, मुले पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर (विषय गंभीर आहे, त्याआधी नको) हा चित्रपट एखाद्या संध्याकाळी त्यांच्यासोबत मोठ्या पडद्यावर, मध्ये न थांबवता पाहावा.

अखेरीस ऑलिव्हिए लाकडाच्या वखारीत फ्रान्सिसला सत्य सांगतो. मुलगा पळतो, ऑलिव्हिए त्याचा पाठलाग करतो, झाडीत त्याला खाली पाडतो आणि त्याचे हात मुलाच्या गळ्यापाशी जातात. मग ते हात आपोआप सैल पडतात. तो उठतो, गाडीकडे परततो आणि फळ्या रचू लागतो. थोड्या वेळाने फ्रान्सिस येऊन उभा राहतो. त्याला कोणी हाक मारलेली नाही. दोघे मिळून फळ्या बांधू लागतात, एकही शब्द न बोलता, आणि तेथेच चित्रपट थांबतो. क्षमेचा उच्चारही होत नाही. पाठमोऱ्या माणसामागून शंभर मिनिटे चालून आलेल्या प्रेक्षकाला त्या उच्चाराची गरज उरलेली नसते.