निर्विकार मुलाला भीती वाटू लागते

मृत्यू हाच विषय घेऊन तरुण मुलांसाठी चित्रपट काढावा, हे आपल्याकडील निर्मात्यांना सहसा सुचत नाही. जपानमध्ये २०१३ ते २०१६ या काळात ‘पर्सोना ३’ या नावाने चार सचेतपट प्रदर्शित झाले. त्यांचे मूळ ॲटलस कंपनीने २००६ साली आणलेल्या व्हिडिओ गेममध्ये आहे. खेळावरून काढलेला चित्रपट म्हटला की सुजाण रसिक नाक मुरडतो. या मालिकेपुरते तरी त्याने तसे करू नये.

कथानायक माकोतो हा शाळकरी मुलगा. दहा वर्षांपूर्वी एका पुलावरील अपघातात त्याचे आईवडील गेले. कानांवर हेडफोन, मान खाली, आणि कोणी काही विचारले तर आपल्याला कशाचेच काही नाही, अशा अर्थाचे तुटक उत्तर. तो ज्या शहरात येतो तेथे मध्यरात्री, एक दिवस संपून दुसरा सुरू होण्याच्या मध्ये, एक गुप्त तास असतो. त्या तासात माणसे उभ्या शवपेट्या होऊन रस्तोरस्ती थिजतात. मोजकी मुलेच जागी राहतात आणि अंधारातल्या सावल्यांशी लढतात. लढण्यासाठी त्यांना पिस्तुलासारखे एक साधन स्वतःच्याच कपाळाला लावून चाप ओढावा लागतो. गोळी सुटत नाही. आतली सुप्त शक्ती प्रकट होते.

हे दृश्य पाहून कोणत्याही आईबापाच्या काळजात धस्स होईल, आणि ते योग्यच आहे. लहान मुलांना ही मालिका दाखवू नये, असेच माझे मत आहे. परंतु मोठ्या मुलांबरोबर बसून ती पाहणाऱ्याने एक बारकावा ध्यानात घ्यावा. नोरिआकी अकिताया यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या भागात युकारी नावाच्या मुलीचा हात चापावर थरथरतो. माकोतोचा थरथरत नाही. वरवर पाहता हे शौर्य वाटते. वस्तुतः हा आजार आहे. ज्याला गमावण्यासारखे काही उरलेले नाही, त्याला मरणाचे भय कोठून असणार? पुढील तीन भाग या आजाराच्या उपचारात जातात, आणि तो उपचार म्हणजे भीती.

माकोतोला मित्र मिळतात. तोमोहिसा तागुची यांच्या दुसऱ्या भागात शिंजिरो मरतो. पूर्वी त्याच्या हातून नकळत एका मुलाच्या आईचा जीव गेलेला असतो. सूड घ्यायला आलेल्या त्याच मुलावर रोखलेली गोळी तो स्वतःच्या अंगावर घेतो. केइतारो मोतोनागा यांच्या तिसऱ्या भागात माकोतो चाचरू लागतो. लढाई संपली तर ही सोबतही संपेल, या विचाराने त्याचे पाऊल मागे पडते. पहिल्या भागातील निर्भय मुलगा आता भितो, आणि दिग्दर्शकाने हीच त्याची प्रगती मानली आहे. मालिकेचे खरे यश मला येथे दिसते. राक्षसांशी चाललेल्या लांबलचक चकमकी कंटाळवाण्या आहेत.

गंजाडच्या वाचकाला येथे दुसरे एक मूल आठवावे. जिव्या सोमा म्हसे हे १९३४ साली जन्मले, बालपणीच आईविना झाले, आणि त्या दुःखात त्यांनी बोलणेच टाकले, धुळीत बोटाने चित्रे काढून ते मनातले सांगत, असे म्हणतात. गंजाडच्या कळंबीपाड्यावर पुढे त्यांचे आयुष्य गेले. वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनींनी लिहायचा. सत्तरच्या दशकात या पुरुषाने रोजच चित्रे काढायला घेतली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ च्या मे महिन्यात ते निवर्तले. गेरूच्या मातीवर तांदळाच्या पांढऱ्या पिठाने काढलेला त्यांचा तारपा नाच पाहावा. वाजवणाऱ्याभोवती माणसांची साखळी वेटोळे घेते, आणि त्या वेटोळ्यात कोणीच एकटा नसतो. धक्का तोच, मुकेपणही तेच. फरक असा, की जपानी मुलाला बाहेर येण्यासाठी शत्रू लागला. म्हसे यांना मुंग्या, मासेमारीचे जाळे, भाताची खाचरे पुरली.

चौथ्या भागात मृत्यू स्वतः वर्गमित्र होऊन आलेला असतो. तो मुलांपुढे पर्याय ठेवतो: मला मारा, सारे विसरा आणि अंत येईपर्यंत सुखाने, अजाणतेपणी जगा, नाहीतर आठवणींसह त्या अंताला सामोरे जा. मुले आठवणी निवडतात. या प्रसंगातील संयम वाखाणण्याजोगा आहे. माकोतो जगासाठी प्राण वेचतो, आणि शाळेच्या निरोपसमारंभाच्या दिवशी गच्चीवर, मैत्रिणीच्या मांडीवर डोके ठेवून डोळे मिटतो. मरणाचे स्मरण ठेव, या अर्थाचे जे लॅटिन वचन मूळ खेळाशी जोडले गेले आहे, ते ख्रिस्ती वाचकाला राखेच्या बुधवारी कपाळावर लागणाऱ्या राखेमुळे परके वाटणार नाही.

तरीही शेवट मला अपुरा वाटला. मयताच्या घरी नऊ दिवस प्रार्थनेला जमणाऱ्या आपल्या लोकांना तो तसाच वाटेल. मरणाऱ्याची शांती दिसते. मागे राहिलेल्यांचे रडणे दिसत नाही. खेळाच्या कर्त्यांना ही उणीव लवकरच जाणवली असावी. २००७ सालच्या सुधारित आवृत्तीत त्यांनी एक नवा भाग जोडला. त्यात माकोतोचे मित्र वसतिगृहात ३१ मार्च या एकाच दिवसात अडकून पडतात, एकमेकांना दोष देतात, भांडतात, आणि तो गेला हे हळूहळू मान्य करतात. चित्रपटाच्या कर्त्यांपुढे हा भाग तयार होता. त्यांनी तो घेतला नाही.