जलसा आणि समीक्षेचे 'शुद्ध' निकष

संगीत हे जातिधर्मापलीकडचे असते, असे प्रस्थापित समीक्षक आपल्याला वारंवार ऐकवतात. स्वराला जात नसेल. पण तो कोणी लावायचा, कुठे उभे राहून लावायचा आणि त्याचे मोल कोणी ठरवायचे, हे या देशात जातीनेच ठरवले. गावच्या जत्रेला हलगी लागे. ती वाजवणारा मातंग मात्र देवळाच्या पायरीखाली. नाद गाभाऱ्यात जाई, माणूस बाहेर राही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. संगीतावरच्या पुस्तकांत 'घराणे' हा शब्द वाचला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्या आमच्या माणसांचे घराणे त्यांत कुठेच नव्हते. त्यांचे वाजवणे गावकीच्या कामात जमा होते.

ही व्यवस्था जलशाने मोडली. 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याच्या जलशांनी भटशाही आणि सावकारी चव्हाट्यावर आणली. महाडचा 1927 चा आणि काळाराम मंदिराचा 1930 चा सत्याग्रह झाला, त्या काळात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी आंबेडकरी जलसा वस्त्यावस्त्यांत नेला. साचा तमाशाचाच होता, पण गणपतीच्या गणाच्या जागी भीमवंदना आली. नाची गेली. वगातले राजे गेले. पाणी, मंदिर, शाळा हे विषय आले.

यावर 'हा तर प्रचार, ही कला नव्हे' असा शेरा मारला जातो. मला तो मान्य नाही. दलित स्त्रीचा देह करमणुकीसाठी नाचवणारा साचा मोडून त्याच ढोलकीवर माणुसकीचा दावा मांडणे हा रूपाविषयीचा निर्णय आहे. आशय आणि रूप वेगळे काढणाऱ्या समीक्षेला तो दिसत नाही. चाली उसन्या होत्या, हा दुसरा आक्षेप. चाल कानात आधीच बसलेली असल्याने निरक्षर श्रोत्याचे सारे लक्ष शब्दांकडे राही. वामनदादा कर्डकांची (1922–2004) गाणी छापील पुस्तकाची वाट न पाहता गावोगाव पोचली, ती या ताकदीवर.

परंतु हाच निकष आपण स्वतःलाही लावला पाहिजे. जलशात झीलकरी ध्रुपद उचलत आणि त्यांच्यामागून सारी वस्ती गाई. ऐकणारा गाणारा होई. आज 14 एप्रिलच्या कितीतरी मिरवणुकांत डीजेच्या भिंतीपुढे शब्द ऐकू येत नाहीत आणि गाण्याची गरजही कुणाला उरत नाही. तरुणांचा उत्साह मी कमी लेखत नाही. तथापि आवाज मोठा झाला म्हणून वाणी मोठी होत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे मुके ठेवले, त्याने आपल्याच उत्सवात पुन्हा मुके व्हावे काय?

शिक्षक आणि विद्यार्थी यांनी आता वस्त्यांतल्या वृद्ध गायकांकडे जावे, गाणी चालींसह उतरवून घ्यावीत आणि वर्गात ती वाचून न दाखवता गाऊन शिकवावीत. हे काम आपले आहे. इतर कोणी ते करील, अशी आशा बाळगण्याचे कारण नाही.