विज्ञानकथेतला खरेपणा

फराळाचे ताट पुढे होते आणि आमची नात ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची गोष्ट वाचीत होती. मध्येच मान वर करून तिने विचारले, “आजोबा, असं खरंच होईल?”

“अगं, गोष्टच ती!” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण मागाहून मनात आले, उडत्या गालिच्याची गोष्ट वाचताना ही पोर असा प्रश्न कधी विचारीत नाही. मग व्हर्नलाच का?

कारण उघड आहे. परीकथा आपल्याकडे नुसता विश्वास मागते. विज्ञानकथा हिशेबाची वही उघडून बसते. वही उघडली की आकडे तपासण्याचा हक्क वाचकाला मिळतोच.

भा. रा. भागवतांमुळे मराठी मुलांच्या ओळखीच्या झालेल्या या व्हर्नची वही मोठी टापटिपीची. त्याच्या १८६५ सालच्या कादंबरीत फ्लॉरिडामध्ये ९०० फूट लांबीची तोफ जमिनीत ओतली जाते आणि तिच्या गोळ्यात बसून तिघेजण चंद्राकडे निघतात. पुढे १९६९ मध्ये अपोलो-११ हेही फ्लॉरिडातूनच, तिघांनाच घेऊन निघाले, आणि व्हर्नच्या गोळ्याप्रमाणेच परतताना पॅसिफिक महासागरात उतरले. लोक व्हर्नला द्रष्टा म्हणू लागले, यात नवल नाही.

एच. जी. वेल्सने १९०१ साली माणसे चंद्रावर धाडली, ती गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या ‘कॅव्होराइट’ नावाच्या काल्पनिक पदार्थाच्या जोरावर. वृद्ध व्हर्नला हे रुचले नाही. आपण पदार्थविज्ञानाचा आधार घेतो, हा गृहस्थ मनाला येईल ते निर्माण करतो. असा पदार्थ असेल तर आणून दाखवावा, अशी त्याची तक्रार होती.

तक्रार रास्त वाटते. पण तक्रारदाराचीच वही जरा पाहू. सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर हा वेग ९०० फुटांत गाठायचा, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात! त्या क्षणी प्रवाशाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक भार येईल. व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी घातली आहे; पण या भारापुढे तिचा काय पाड? न्यूटनचे नियम तेव्हाही जुनेच होते. हा हिशेब व्हर्नला मांडता आला असता.

याहून मौजेची गोष्ट कादंबरीच्या उत्तरार्धात आहे. प्रवासात एक कुत्रा मरतो. त्याचे शव बाहेर टाकतात, तर ते मागे पडत नाही. गोळ्याच्या बरोबरीने चालू लागते. हे अगदी बरोबर आहे. पण ज्या नियमाने कुत्रा बाहेर तरंगतो, त्याच नियमाने आतली माणसेही वाटभर तरंगायला हवीत. व्हर्न मात्र त्यांना पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ समान होते तेवढ्या एका जागीच तरंगवतो. खिडकीबाहेर कुत्रा साक्ष देत होता, लेखकाने ती ऐकली नाही!

उलट वेल्सने एक थाप मारली खरी, पण मारल्यावर ती निमूटपणे निभावली. कॅव्होराइटचा पहिला पत्रा तयार होताच त्याच्यावरची हवा वजनहीन होऊन वर उसळते, खालची तिच्यामागे धावते, आणि त्या वादळात संशोधकाचे घरच उद्ध्वस्त होते. पुढे पोकळीतल्या प्रवासात त्याची माणसे तरंगतातही. ॲरिस्टॉटलने नाटककारांना सांगितलेच आहे, की न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट बरी.

तेव्हा विज्ञानकथेतला खरेपणा भाकीत खरे ठरण्यात नाही. लेखकाने एक अशक्य गोष्ट उसनी घ्यावी, पण पुढचे व्याज पैन्‌पै चुकवावे, यात तो आहे. मग व्हर्न टाकाऊ ठरतो काय? मुळीच नाही. त्याने आकडे लपवले नाहीत, म्हणून तर आपण त्याला पकडू शकलो. आपली चूक सापडण्याची सोय करून ठेवणारा लेखक मुलांच्या हाती द्यायला कधीही चांगला.

नातीला आता खरे उत्तर देणार आहोत: “नाही गं, तसं होणार नाही. पण चुकलं कुठे, ते आपण दोघं मिळून शोधू. चल, पेन्सिल आण.”