कराडीची रात्र आणि आपली यादी

मिठाच्या सत्याग्रहावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा 6 एप्रिल 1930 च्या सकाळी संपते. गांधीजी वाकतात, चिमूटभर मीठ उचलतात, आणि लेखक लेखणी खाली ठेवतो. मी वाचलेली बहुतेक बालचरित्रे तर याच जागी थांबतात. वास्तविक त्यानंतरचा महिना अधिक कठीण होता, आणि तो समुद्राजवळच्या एका झोपडीत गेला.

दांडीला पोहोचल्यावरची पहिली रात्र गांधीजींनी ‘सैफी व्हिला’त काढली. हे घर बोहरा समाजाचे. एवढी गोष्ट काही लेखकांना माहीत असते. पण पुढे ते जवळच्या कराडी गावी गेले (हे गुजरातचे कराडी, आपल्या कराडशी त्याचा संबंध नाही) आणि तेथे आंब्याच्या झाडाखाली शिंदीच्या झावळ्यांच्या झोपडीत राहिले. ना दार, ना कडी. 4 मेच्या मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता सुरतेचे मॅजिस्ट्रेट हत्यारबंद शिपाई घेऊन तेथे आले आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर बत्तीचा उजेड पाडला. गांधीजींनी दात घासायला वेळ मागून घेतला. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी भजन म्हटले. आपल्या मराठी मुलखातला हा गवई त्या रात्री तिथे होता, याचाही आपल्याला विसर पडला आहे. खटला चाललाच नाही. 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली त्यांना येरवड्याला नेण्यात आले.

सूत्रे आली अब्बास तय्यबजींकडे. वय 76. बडोद्याच्या हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश, तरुणपण इंग्लंडमध्ये गेलेले बॅरिस्टर. 12 मे रोजी कराडीहून धारासण्याकडे निघताच त्यांनाही पकडले. 21 मे रोजी धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रहींची डोकी फुटली. त्या दिवशी सरोजिनी नायडूंच्या बरोबर पुढे होते इमामसाहेब अब्दुल कादर बावझीर. जोहान्सबर्गच्या हमीदिया इस्लामिक सोसायटीचे अध्यक्ष, मुंबईच्या जुम्मा मशिदीतल्या मुअज्जिनाचे चिरंजीव आणि साबरमतीचे आश्रमवासी.

अॅटनबरोंच्या 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटात धारासण्याचा प्रसंग फार ताकदीने आला आहे. पण त्यात मोर्च्यापुढे मौलाना आझाद उभे केलेले आहेत. चित्रपटाला मुसलमान हवा होता आणि तो ओळखीच्या चेहऱ्याचा हवा होता. आझादांबद्दल कुणाच्या मनात अदब नाही? परंतु एका मोठ्या माणसाचा चेहरा लावून दुसऱ्याचा चेहरा पुसला गेला, ही कलावंताची सवलत मानायला माझे मन तयार होत नाही.

इथवर दोष दुसऱ्यांचा झाला. आता आपल्या घरात पाहू. मुस्लिम मराठी लेखकांनी स्वातंत्र्यलढ्यावर लिहिलेच नाही असे नाही. पण आपले लिखाण म्हणजे बहुधा यादी असते. अमुक यांचे योगदान, तमुक यांची कुर्बानी, शेवटी ‘आम्हीही होतो.’ न मागितलेला दाखला आपण खिशात घेऊन फिरतो. दाखल्यावर नाव, वय, तारीख येते. पण बिनदाराच्या झोपडीसमोर उभे राहून सूत्रे हाती घेताना 76 वर्षांच्या न्यायाधीशाला काय वाटले असेल? ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिक्षा सुनावली, तो स्वतः कायदा मोडायला निघतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालते? हा कथेचा विषय आहे. अशी कथा माझ्या तरी वाचनात आलेली नाही. हमीद दलवाईंनी कोकणी मुसलमानाला माणूस म्हणून उभे केले, यादीतला अंक म्हणून नव्हे. तो धडा आपण ऐतिहासिक लेखनात वापरलाच नाही.

वर्ध्याच्या लेखकाला तर सबबच नाही. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतणार नाही असे ठरवून निघालेले गांधीजी शेवटी आपल्याकडे आले. कराडीच्या झोपडीनंतरची झोपडी सेगावात उभी राहिली, 1936 साली. माती, बांबू आणि वर कवेलू. सेवाग्रामच्या सहलीत मुले आदी निवास पाहतात, बापू कुटी पाहतात, साधेपणावर निबंध लिहितात. उर्दू शाळेतली मुले तोच निबंध उर्दूत लिहितात. त्या साधेपणाची एक वाट समुद्रावरून आली आणि त्या वाटेवर दोन म्हातारे मुसलमान उभे होते, हे त्यांना सांगायचे तर शिक्षकाच्या हाती देण्याजोगे पुस्तक लागते. यादी मुले पाठ करतात, पेपर झाला की विसरतात. गोष्ट विसरत नाहीत.

आणि सामग्री कमी नाही. खान अब्दुल गफार खान 1934 मध्ये वर्ध्यालाच राहत होते आणि त्याच डिसेंबरात येथूनच त्यांना अटक झाली. 1942 साली वर्ध्यात हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली, नागरी आणि उर्दू दोन्ही लिपी शिकवण्यासाठी. अब्बास तय्यबजींची कन्या रेहाना यांना गांधीजी 1932 मध्ये येरवड्यातून उर्दूत ओळी लिहून पाठवीत आणि त्या बाई चुका दुरुस्त करीत. ज्याच्या मागे कराडीची झोपडी सांभाळली, त्याच्याच मुलीकडून हा कैदी अलिफ-बे गिरवत होता. ती पत्रे गांधीजींच्या संकलित वाङ्मयात छापलेली आहेत, कुणालाही वाचता येतील.