बच्चूची इच्छा, आईबापांची गोष्ट

प्रसाद ओक यांच्या ‘कच्चा लिंबू’त (२०१७) काटदरे दांपत्य पाळीपाळीने जगतं. नवऱ्याची रात्रपाळी, बायकोची दिवसाची नोकरी, कारण बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग बच्चूपाशी कुणीतरी एक हवंच. दोघांचा एकान्त मुलापायी संपलेला. त्यात बच्चू वयात येतो आणि आईला स्वतःच्याच घरात अंग चोरावं लागतं. मराठी पडदा दिव्यांगाच्या शरीरेच्छेच्या इतका जवळ क्वचितच गेला. मूळ कादंबरी जयवंत दळवींची, ‘ऋणानुबंध’. ‘नातीगोती’ नाटकातही हेच घर आहे. सिनेमा थोर आहे, पण आईबापांचा. बच्चूची इच्छा तिथे घरावर कोसळलेलं संकट ठरते. त्या पोराला काय वाटतं, हे विचारायला कॅमेरा थांबत नाही.

‘चौकट राजा’ने (१९९१) तर प्रश्नच टाळला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पन्नास वेळा पाहिला तरी डोळ्यांत पाणी येतं, आणि तीच अडचण आहे. वयाने पुरुष झालेल्या नंदूला सिनेमा मूलच ठेवतो. तो पुरुष आहे हे जाणवतं फक्त त्याच्या बालमैत्रिणीच्या, मीनलच्या, नवऱ्याला, त्याच्या अस्वस्थतेतून.

हा प्रश्न सरळ विचारला तो सई परांजपे यांनी, तोही हिंदीत. ‘स्पर्श’मधला अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध (नसीरुद्दीन शाह) कविता नावाच्या स्त्रीवर प्रेम करतो, आणि ती आपल्याशी लग्न त्याग म्हणून करते आहे या संशयाने ठरलेलं लग्न मोडतो. न मागता पुढे आलेला हात त्याला खुपतो. जवळीक हवी, पण उपकाराच्या भावात नको! त्याचा अहंकारही परांजपे झाकत नाहीत, म्हणून तो माणूस वाटतो.

अनिरुद्धची ती भीती आपल्याकडे सरकारी कागदावर आहे. अव्यंग व्यक्तीने दिव्यांग व्यक्तीशी लग्न केलं तर अनुदान, अशी योजना राज्याने २०१४ साली आणली. हेतू चांगला, पण पैसे नेमके कशाची भरपाई?

आमच्या निफाड-लासलगाव पट्ट्यात सोयरीक जमवताना द्राक्षबाग किती, कांद्याला भाव काय, हे आधी निघतं. पायाने अधू मुलगा असेल तर ‘सांभाळणारी मिळाली म्हणजे झालं’ म्हणतात. अधू मुलीसाठी बहुधा बैठकच बसत नाही. याच निफाडात जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीने विधवेच्या पुनर्विवाहासाठी शास्त्रार्थ केले. त्यातही तिच्या सोयीची चर्चा झाली, तिच्या इच्छेची फारशी नाही. अधू मुलीच्या वाट्याला तेवढा वादसुद्धा आलेला नाही. तिच्यावर सिनेमा कोण काढणार?

‘यलो’त (२०१४) डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच पडद्यावर आली. पाण्यात ती कुणाच्या मेहरबानीवर नसते, हे पाहताना सुख वाटतं. पण नायिका म्हणून प्रेमाचा हक्क तिला पटकथेने दिला नाही. जिंकलेलं पदक चालतं, मनातला मुलगा चालत नाही.

निर्मात्यांना गोष्टी मिळत नाहीत असं नाही. कोल्हापूरच्या सोनाली नवांगुळ व्हीलचेअरवरून स्वतंत्र आयुष्य जगतात आणि त्याबद्दल लिहितात. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीच्या त्यांनी केलेल्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, आणि ती कादंबरी बायकांच्या दडपलेल्या इच्छांचीच आहे. अशा लेखिकेला पटकथेच्या टेबलाशी बोलवावं. ‘सल्लागार’ म्हणून नव्हे, लेखिका म्हणून, तेवढ्याच मानधनावर.