मराठींतील ख्रिस्ती वाणी

धर्माविषयीं बोलणाऱ्यानें आपल्या शब्दांना किती जपावें, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मग्रंथांना नवा नाहीं. याकोबाच्या पत्रांत जिभेला गलबताच्या सुकाणूची आणि रान पेटविणाऱ्या ठिणगीची उपमा दिलेली आहे. पण उपदेश निराळा आणि आचरण निराळें. मराठींतील ख्रिस्ती लेखकांनीं हा उपदेश कितपत पाळला, हें पाहणें उद्बोधक होईल.

फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोमंतकांत रायतूर येथें छापलें गेलें. जन्मानें इंग्रज असलेल्या या जेझुइट साधूनें ओवी स्वीकारली, पुराणाचा घाट स्वीकारला आणि श्रोत्यांच्या कानांना ओळखीच्या असलेल्या सुरांत आपली कथा सांगितली. सावध वक्तृत्वाचा हा उत्तम नमुना होय. तथापि त्याच गोमंतकांत सोळाव्या शतकांत पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं, हें विसरतां येत नाहीं. ओवी कितीहि मधुर असली, तरी तिच्यामागें राजदंड उभा असेल तर ऐकणाऱ्याला 'नको' म्हणण्याची सोय राहत नाहीं. शब्दांची मृदुता ही एक गोष्ट, आणि बोलण्यांतील न्याय ही दुसरी.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईस डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचे वाद झाले. पुढें १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशीं वाद करीत. येथें ऐकणारा मोकळा होता, उत्तरहि देत होता. हा लाभ लहान नव्हे. परंतु आपल्या धर्मांतील उत्तम तें घ्यावें आणि दुसऱ्याच्या धर्मांतील हीन तें त्याच्यासमोर ठेवावें, हा वादाचा स्वभावच आहे. अशा मापानें कोणाचेंहि मन वळत नाहीं. तें फक्त दुखावतें.

हें माप बदललें तें लक्ष्मीबाई टिळकांनीं. 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. वडिलांचें सोवळें मीठदेखील धुऊन घेण्यापर्यंत गेलेलें होतें. घरच्यांना त्याचा जाच झाला होता. ख्रिस्ती झालेल्या लेखिकेला जुन्या धर्माचे वाभाडे काढण्यास याहून सोयीचा प्रसंग कोणता? पण त्या तसें करीत नाहींत. त्या हंसतात, आणि त्या हंसण्यांत वडिलांविषयींची माया शाबूत राहते. पुढें ख्रिस्ती उपदेशक झालेल्या रेव्हरंड टिळकांच्या लहरीपणावरहि त्या तशाच हंसतात. स्वतःलाहि सोडीत नाहींत. तिन्ही ठिकाणीं माप एकच.

असें बोलणें म्हणजे श्रद्धा झांकून ठेवणें, असा आक्षेप कोणी घेईल. तो टिकणारा नाहीं. पतीनें १८९५ सालीं धर्मांतर केल्यावर वाट्यास आलेला वियोग, आणि पुढें १९०० सालीं स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, यांतील कांहींच त्यांनीं लपविलेलें नाहीं. त्यांनीं टाळलें तें एवढेंच, कीं आपलें घर उजळ दिसावें म्हणून शेजाऱ्याचें काळें करणें.

व्यासपीठावरून बोलणाऱ्या ख्रिस्ती बंधूंनीं हें पुस्तक प्रवचनशास्त्राचा ग्रंथ म्हणून एकदां वाचावें. आणि ख्रिस्ती नसलेल्या आपण वाचकांनींहि, त्यांच्याविषयीं बोलतांना आपल्या हातांत कोणतें माप असतें, हें त्याच वेळीं पाहून घ्यावें.