गाण्यातला ‘तो’ कोण?

कळंब्यात राहतो असं सांगितलं, की कोल्हापुरात एखादा तरी हसून विचारतोच, “आत की बाहेर?” आमच्या गावाची ओळख दोनच गोष्टींची, तलाव आणि मध्यवर्ती कारागृह. त्यामुळे ‘पिंजरा’ हा शब्द आम्हाला नवा नाही. पण आज बोलायचंय ते व्ही. शांताराम यांच्या १९७२ च्या ‘पिंजरा’बद्दल, आणि त्यातही एकाच गाण्याबद्दल : ‘कशी नशिबानं थट्टा’.

शब्द जगदीश खेबुडकरांचे, संगीत राम कदमांचं, आवाज विष्णू वाघमारे यांचा. तुमच्या ब्रेकअप प्लेलिस्टमध्ये ते नसेल. असायला हवं. प्रेमानं उद्ध्वस्त झालेल्या माणसाचा इतका विचित्र पश्चात्ताप मराठीत क्वचितच ऐकू येतो.

विचित्र अशासाठी, की गाणारा ‘मी’पासून सुरुवातच करत नाही. कहाणीतल्या आटपाट नगरासारखं आधी एक निर्मळ, सुखी गाव येतं. मग त्या गावातला एक भोळा, पुण्यवान माणूस. मग त्याला दृष्ट लावणारी मेनका. स्वतःचीच गोष्ट, पण सांगायची दुसऱ्या कुणाची तरी म्हणून.

असं का, ते सिनेमाच्या कथेत कळतं. आदर्श मास्तर (डॉ. श्रीराम लागू) तमासगीर चंद्रकलेच्या (संध्या) नादात अडकतो. एका खुनानंतर प्रेताला मास्तरचे कपडे चढवले जातात आणि गावाच्या लेखी मास्तर मरतो. गाव त्याचा पुतळा उभारतं. खरा मास्तर मात्र तमाशाच्या फडामागे फरफटत जातो आणि शेवटी ‘मास्तरच्या’ खुनासाठी पकडला जातो. म्हणजे ‘मी’ म्हणायची सोयच त्याला उरलेली नाही. ‘मी’ म्हटलं तर पुतळा कोसळणार. गाण्याचं व्याकरण इथं कथेचं वर्म सांगतं.

हाच सिनेमा ज्यावर बेतलाय त्या १९३० च्या जर्मन ‘द ब्लू एंजल’मधला प्राध्यापकही नाचगाण्याच्या नादी लागून विदूषक होतो. पण मेल्यावर देव झालेला आणि जिवंतपणी कुणीच नसलेला मास्तर हा आपला.

अमेरिकन कंट्री संगीतात जॉर्ज जोन्सचं १९८० चं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ ऐका. तिथंही ‘तो’च आहे. आयुष्यभर तिच्यावर प्रेम करणारा माणूस मरतो तेव्हाच प्रेम थांबतं. पण तिथं सांगणारा वेगळा आणि मेलेला वेगळा. आपल्या गाण्यात दोघं एकच. म्हणून ते जास्त जिव्हारी लागतं.

खेबुडकर स्वतः पेशानं शिक्षक होते, आमच्याच जिल्ह्यातले. मास्तर घसरला की गाव काय बोलतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गाण्यातलं ते पुण्यवान माणसाचं कौतुक नीट ऐका. लोकांनी दिलेली ती पदवी आहे, आणि पदवीचं ओझं असतं.

तरी एक तक्रार आहेच. नशिबानं थट्टा केली, मेनकेनं दृष्ट लावली. मग भोळ्यानं काय केलं? आपल्या रील्सवरची ‘बेवफा’ गाणी याच पळवाटेनं जातात. चंद्रकला आधी सूडानं पेटते, नंतर खरोखर जीव लावते. पण गाण्यात तिला नावसुद्धा नाही. ती नुसती मेनका. त्याच्या पश्चात्तापात तिच्या दुःखाला जागा नाही.

पण गाणं बाद करावंसं वाटत नाही. शब्द नशिबाला दोष देतात, तेव्हा वाघमारेंचा आवाज दोष देत नाही. तो कबुली देतो. नशिबाचं नाव घेऊन रडणारा माणूस गुन्हेगार कोण हे ओळखून आहे, असं त्या आवाजात ऐकू येतं. ‘तो’ कोण, हे गावात फक्त गाणाऱ्याला माहीत आहे. आणि तेवढंच त्याला मोठ्यानं म्हणता येत नाही.